गाढव हजर करण्यास असमर्थ असल्याबाबत

दिनांक : २३ सप्टेंबर, सोमवार

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
दुसरा मजला (जिना चढून डावीकडची, पंखा किरकिर करतो ती खोली).

विषय : शहाण्या नावाचे गाढव (रंग राखी, डाव्या कानाला खाच) प्रत्यक्ष हजर करणे शक्य नसल्याबाबत, आणि त्याच्यापायी आमच्या इतिहासाच्या सरांना आलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) एका कुंभारणीचा मूळ अर्ज, मार्च १९१३.
२) आमची स्मरणपत्रे क्र. १ ते ६, गेला महिना.
३) आपली नोटीस, गेला गुरुवार.

महोदय,

मी, खाली सही करणारी, नगरपालिका माध्यमिक विद्यालयाच्या इयत्ता नववी ब ची विद्यार्थिनी, आपणांस नम्रपणे कळवते की आपल्या कार्यालयाने मागितलेले गाढव आमच्याकडे नाही. ते वर्गात नाही, मैदानावर नाही आणि प्रयोगशाळेतही नाही. प्रयोगशाळेचे मी आपणहून सांगते आहे, कारण आपले स्वच्छता निरीक्षक तिथे बघायला विसरले. सदर गाढव हयात असते तर आज त्याचे वय कमीत कमी एकशे पंधरा असते. विज्ञानाच्या बाईंना विचारले, त्या म्हणाल्या, "शक्यच नाही, आणि हा प्रश्न परीक्षेला नाही."

हे सगळे कसे झाले ते क्रमाने लिहिते. सर म्हणतात, क्रम चुकला की इतिहासाच्या नुसत्या गप्पा होतात.

१. गेल्या वर्षापर्यंत इतिहासाच्या तासाला आमचा वर्ग झोपत असे. खोटे कशाला सांगू, मीही झोपत असे, आणि मी तर पहिल्या बाकावर बसते. या वर्षी नवीन सर आले. त्यांनी बुटांच्या खोक्यांची पुठ्ठी कापून कार्डे केली आणि "कचेरी" नावाचा खेळ सुरू केला. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास आमचा वर्ग म्हणजे १९१३ सालची आपली नगरपालिका. चिठ्ठी उचलायची आणि जे येईल ते व्हायचे: अध्यक्ष, सचिव, कारकून, दिवाबत्तीचा जमादार, कोंडवाड्याचा रखवालदार. नियम एकच. जुन्या कागदाचा पुरावा दाखवल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. मनाने काही ठोकून दिले की खिडकीशी दोन फेऱ्या गप्प उभे राहायचे. पुरावा पक्का निघाला की सर बटाट्याचा शिक्का मारतात. ज्या गटाचे शिक्के जास्त, तो गट जिंकला.

पुरावे आणायला आम्ही शनिवारी पाच-पाच जणांच्या तुकडीने आपल्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जायचो. परवानगी होती. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिथल्या काकूंनी आम्हाला पान कसे उलटायचे ते शिकवले. "हळू गं बायांनो, कागद आहेत ते, पत्ते नव्हेत," हे त्या प्रत्येकीला निदान सहा वेळा म्हणाल्या. वर्गातला भोंगा (आवाजामुळे हे नाव, खरे नाव हजेरीत आहे) एरवी पाठ्यपुस्तकसुद्धा उघडत नाही. तो तिथे तीन तास मान खाली घालून दिवाबत्तीचे रजिस्टर वाचत बसला. त्याच्या आईने सरांना फोन करून विचारले, पोराला बरे नाही का.

२. चिठ्ठीत मला "जनता" आली. माझा चेहरा पडला. सगळ्यांना अध्यक्ष व्हायचे असते, जनता कुणाला हवी? सर म्हणाले, "अगं, अर्ज कोण करतं? जनता. अर्जच नसेल तर कचेरी दिवसभर करेल काय?" म्हणून मी अर्ज शोधायला लागले, आणि तिसऱ्या शनिवारी मला ती सापडली.

ती म्हणजे कुंभारीण. नवरा वारलेला, पदरात दोन मुले. नदीकाठची माती गाढवावर लादून आणायची आणि मडकी करायची, हा तिचा व्यवसाय. ३ मार्च १९१३ रोजी गाढव अध्यक्षांच्या बागेत शिरले आणि फुले खाऊन मोकळे झाले. त्याला कोंडवाड्यात घातले. "माझे शहाण्या नामक गाढव गरीब आहे, ते परत मिळावे," असा तिने अर्ज केला आहे. खाली अंगठा. एकूण चार अर्ज आहेत, चारही अंगठ्यांसकट, आणि एकालाही उत्तर नाही. शेवटच्या अर्जात एकच ओळ आहे: "आता माती मी डोक्यावरून वाहते."

हे वर्गात वाचून दाखवल्यावर सरांनी शाळेच्या बागेतली ओली माती बादलीत भरायला लावली आणि ज्याला वाटेल त्याने ती डोक्यावर घेऊन फाटकापासून वर्गापर्यंत यावे असे सांगितले. मी एकोणीस पावले चालले. मान तीन दिवस दुखत होती. भोंगा अकराव्या पावलाला पडला, आणि माती मुख्याध्यापिका बाईंच्या दारात पडली. तेव्हापासून बाईंचे आमच्या खेळाबद्दलचे मत थोडे गढूळ आहे.

३. आता माझी चूक. ती माझी एकटीची आहे, सरांची नाही. हे वाक्य आपण कृपया दोनदा वाचावे.

मी खेळासाठी कुंभारणीच्या वतीने स्मरणपत्र क्र. १ लिहिले. विषय, संदर्भ, समास, सगळे नियमाप्रमाणे, कारण चुकले तर सर बटाटा मारत नाहीत. पत्ता काय घालावा कळेना, म्हणून "मार्फत इयत्ता नववी ब" असे घातले. शनिवारी आपल्या कार्यालयात आले, नोंदवहीत सही करायची म्हणून हातातला कागद आवक टेबलावर ठेवला. टेबलावरच्या काकांचा एक कान फोनला होता. त्यांनी न बघता माझ्या कागदावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच माझ्या हातात दिली. मला म्हणाले, "आण बाळ, अजून काही आहे का तुझं?"

महोदय, तो जांभळा, गोल, ताजा, खरा शिक्का होता. आमच्याकडे बटाटा! मला वाटले, काकाही खेळताहेत. मी उड्या मारत शाळेत आले. साऱ्या वर्गाने तोंडात बोटे घातली. सर त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते, त्यांना आम्ही नंतर आश्चर्याचा धक्का देणार होतो. पुढच्या शनिवारी आमच्यातले पाच जण पाच स्मरणपत्रे घेऊन आले, आणि काकांनी पाचही घेतली. चुकीच्या समासाचे एकही परत केले नाही. एकाच गाढवाची सहा स्मरणपत्रे पंधरा दिवसांत आल्यामुळे आपल्याकडे त्या प्रकरणावर लाल चिठ्ठी लागली: "अतितातडीचे". एकशे अकरा वर्षांत त्या कुंभारणीला कुणी तातडीचे म्हटले नव्हते. ते वाचून मला खरेच आनंद झाला होता, कबूल करते.

४. मग आपले पत्र आले. अर्जदाराने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. गाढवाचे लसीकरण झाले आहे काय ते कळवावे. गाढव सध्या कोठे बांधले आहे त्याचा नकाशा द्यावा. नकाशा भोंग्याने काढायलाही घेतला होता, मीच त्याला थांबवले.

त्यानंतर दोन दिवसांनी भूगोलाच्या तासाला आपले स्वच्छता निरीक्षक वर्गाच्या दारात उभे राहिले. हातात फाइल. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते.

"शहाण्या कोण आहे इथं?"

सहा हात वर झाले. आमच्या वर्गात आत्मविश्वासाला तोटा नाही.

"अरे, मस्करी नाही. गाढव कोण आहे?"

अख्ख्या वर्गाने भोंग्याकडे बोट दाखवले. भोंगा उठून म्हणाला, "साहेब, मी फक्त दिवाबत्ती बघतो."

निरीक्षक साहेबांनी बाकाखाली वाकून पाहिले. मग मैदानाला एक चक्कर मारली. शाळेमागे त्यांना माळीकाकांनी गुलाबांसाठी आणलेल्या शेणखताचा ढीग दिसला, आणि त्यांनी फाइलमध्ये लिहिले: "जनावराच्या वास्तव्याच्या खुणा आढळल्या." महोदय, ते खत गाईचे आहे. माळीकाका छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहेत.

५. गेल्या गुरुवारी सरांना नोटीस आली. शाळेत विनापरवाना जनावर बाळगणे आणि कार्यालयाची दिशाभूल करणे, असे दोन आरोप आहेत. सात दिवसांत, म्हणजे या गुरुवारपर्यंत खुलासा द्यायचा आहे. खुलासा समाधानकारक नसेल तर त्यांना वर्गावरून काढून भांडारात बसवणार. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं नोकरी केली, साप निघाला, माकड निघालं, पण शाळेवर गाढवाची फाइल उघडली नव्हती हो कधी." पुठ्ठ्याची कार्डे त्यांच्या कपाटात कुलपात गेली. शुक्रवारचे दोन्ही तास गणिताला दिले. अभिलेख कक्षाचे दारही आम्हाला बंद झाले.

सर आम्हाला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. मी जाऊन सांगितले, सर, चूक माझी आहे. तर ते म्हणाले, "तुझा समास मात्र सुरेख होता." मी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. हे अर्जात लिहितात की नाही माहीत नाही, पण पुरावा म्हणून नोंदवते. साक्षीदार दोन मैत्रिणी.

६. आता मुख्य मुद्दा. दार बंद होण्यापूर्वीच्या शनिवारी आमच्या तुकडीने शहाण्याचा शोध पूर्ण केला होता.

कोंडवाड्याच्या रजिस्टरात ३ मार्चला आत आल्याची नोंद आहे: "गाढव एक, राखी, डाव्या कानाला खाच, स्वभाव चिडका." बाहेर गेल्याची नोंद नाही. मेल्याची नाही, विकल्याचीही नाही. मी म्हटले, संपले. तेवढ्यात भोंगा दिवाबत्तीच्या कपाटातून ओरडला. काकूंच्या हातातला चहा सांडला. दिवाबत्तीच्या खालच्या खणात त्याला रस्त्यावर पाणी शिंपडण्याच्या गाडीचे रजिस्टर मिळाले होते. जून १९१३ : "गाडीस गाढव एक. राखी, डाव्या कानाला खाच, चावते."

म्हणजे गाढव नगरपालिकेनेच कामाला लावले होते! नऊ वर्षे! आपल्या कार्यालयासमोरचा रस्ता रोज सकाळी शहाण्याने ओला केला, आणि त्याच रस्त्याने ती बाई डोक्यावर माती घेऊन जात होती. दोघांची गाठ पडली असेल का? याला पुरावा नाही, म्हणून मी लिहीत नाही. १९२२ साली शेवटची नोंद : "गाढव वृद्ध झाल्याने कामावरून कमी केले. काम समाधानकारक."

७. आपण म्हणाल, मुलांचा खेळ होता, कार्यालयाचा त्याच्याशी काय संबंध? तर महोदय, मूळ अर्जाच्या मागच्या बाजूला तिरक्या अक्षरात त्या वेळच्या सचिवांचा शेरा आहे. शाई फिकट झाली आहे, आम्ही भिंग लावून वाचला: "चौकशी करून अहवाल सादर करावा." हा आपल्याच कार्यालयाचा हुकूम आहे, आणि तो आजवर कुणी रद्द केलेला नाही. आम्ही सगळी रजिस्टरे पाहिली, अहवाल कुठेच नाही. चौकशी करणार कोण होते माहीत नाही, पण केली नववी ब ने, सरांच्या मार्गदर्शनाखाली. अहवाल सोबत जोडला आहे. उशीर झाला आहे हे मान्य, पण तो आमच्याकडून फक्त अडीच महिन्यांचा आहे.

तेव्हा सरांनी दिशाभूल केली असे कसे म्हणता येईल? त्यांनी तर आदेशाचे पालन करून घेतले.

सबब माझी विनंती अशी, की कुंभारणीच्या अर्जावर आपण निर्णय द्यावा. गाढव परत करता येणार नाही हे आम्हाला कळते, आम्ही काही अगदीच लहान नाही. फक्त त्या शेऱ्याखाली जागा मोकळी आहे, तिथे "अर्ज मंजूर" असे लिहून सही करावी. एकशे अकरा वर्षांनी का होईना, बाईला उत्तर मिळेल. आणि अर्ज मंजूर झाला की तो खरा ठरला, तो खरा ठरला की त्याची स्मरणपत्रे खरी ठरली, आणि स्मरणपत्रे खरी असतील तर सरांवर नोटीस कशाची? मी हे गणिताच्या बाईंना तपासायला दिले. त्यांना शुक्रवारचे दोन जादा तास मिळालेत, तरी त्या म्हणाल्या, पायऱ्या बरोबर आहेत.

कृपया बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लिहावे. गुरुवारी सरांना खुलासा द्यायचा आहे, आणि तो त्यांनी अजून सुरूही केलेला नाही. मी डोकावून पाहिले, कागदावर फक्त समास आखलेला आहे.

हा अर्ज मी आवक टेबलावर दिलेला नाही. त्यावर कुठलाही शिक्का नको आहे. मी बाहेर बाकावर बसले आहे. आपण वाचून हाक मारलीत की लगेच आत येईन, पेन माझ्याकडे आहे.

कुंभारणीच्या वतीने, शहाण्याच्या वतीने आणि या वेळी स्वतःच्याही वतीने,

आपली विश्वासू,
(सही)
जनता, इयत्ता नववी ब

सोबत :
१) अभिलेख कक्षाच्या परवानगीची प्रत.
२) कुंभारणीचे चार अर्ज, हाताने उतरवून. (अंगठ्याच्या जागी आम्ही आमचे अंगठे लावलेले नाहीत. मोह झाला होता.)
३) चौकशी अहवाल, पाने सात.
४) खत गाईचे असल्याबद्दल माळीकाकांचे निवेदन.
५) शहाण्याचे चित्र. भोंग्याने काढले आहे. घोड्यासारखे दिसते, पण कानाची खाच पुराव्याप्रमाणे आहे.