फोनवरून घातलेलं गाऱ्हाणं

आणि पप्पा, तो निळा उजेड खरा होता. तुम्ही रेडिएशन घेऊन बाहेर यायचात, गालावर मास्कच्या जाळीचे ठसे, आणि मम्मीला सांगायचात, "डोळे मिटलेले आसतानाय निळा दिसता गो, समुद्राच्या भितुरसून वर बघल्यासारखा." मम्मी म्हणायची, उपाशीपोटी जाता ना, म्हणून. मी सातवीत होते, मला वाटायचं तुम्ही मला हसवायला काहीतरी ठोकून देताय. मग कॉलेजात एक दिवस आमच्या मॅडमनी शिकवता शिकवता सहज सांगितलं की नाकाच्या मागे, डोळ्यांच्या जवळ रेडिएशन देताना काही पेशंटना बंद डोळ्यांनी निळा प्रकाश दिसतो, कुणाला क्लोरीनसारखा वास येतो. मी बाकावरून उभीच राहिले. "मॅडम, माझे पप्पा हेच सांगायचे!" सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय आणि मला इतकं भारी वाटतंय की वाटलं आत्ता बाहेर जाऊन तुम्हाला फोन लावावा. फोन हातात घेतलाही होता.

हो, मी तेच काम करते आता. अंधेरीला एका हॉस्पिटलात, बेसमेंटमध्ये, रेडिओथेरपीची टेक्नॉलॉजिस्ट. मला हे काम जाम आवडतं, पप्पा, सांगताना थांबायला होत नाही. मैत्रिणी म्हणतात, अगं जेवताना तरी ट्यूमर बाजूला ठेव. पण मास्क बनवताना तुम्ही एकदा बघायला हवं होतं. एक पांढरा पातळ पत्रा असतो, प्लास्टिकचा, घावण्यासारखा जाळीदार. गरम पाण्यात सोडला की मऊ होतो, लुळा पडतो. पाणी निथळवून तो पेशंटच्या चेहऱ्यावर ताणायचा आणि कपाळ, नाक, हनुवटी असं बोटांनी दाबत बसायचं. गार होता होता तो त्या माणसाचा चेहरा होतो. मग रोज तोच मास्क लावून डोकं टेबलाला घट्ट बसवायचं, म्हणजे किरण पडायचे तिथेच पडतात, इकडेतिकडे नाही. शेल्फवर सगळ्यांचे मास्क ओळीत ठेवलेले असतात. सकाळी पहिला लाइट मी लावते तेव्हा ते सगळे चेहरे छताकडे बघत असतात आणि मला एकदम वाटतं, मी गोरेगावला तुमच्या शेडमध्ये आलेय.

तुमची ती स्टुडिओमागची शेड. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला घेऊन जायचात. पत्र्यावर ऊन, खाली प्लास्टरची धूळ, आणि फळीवर वाळत घातलेली हिरोंची, व्हिलनची, कुठल्या तरी म्हाताऱ्या राजाची पांढरी तोंडं. आर्टिस्ट खुर्चीत मान मागे टाकून बसलेला असतो, तुम्ही त्याच्या भुवयांना व्हॅसलिन लावता, प्लास्टरच्या पट्ट्या चढवता, फक्त नाकपुड्या उघड्या ठेवता. आणि पूर्ण वेळ बोलत राहता. बांगडा कितीला मिळाला, आमच्या चाळीत पाणी कधी येतं, काहीही. एकदा मी विचारलं, तो बोलू शकत नाही तर तुम्ही कोणाशी बोलता? तुम्ही म्हणालात, "अरे, माणूस आत काळोखात असतो. बाहेर कोणीतरी आहे हे त्याला कळायला नको?" नंतर तुमच्यावर मास्क लावून घ्यायची पाळी आली तेव्हा पहिल्याच दिवशी बाहेर येऊन तुम्ही तिथल्या टेक्नॉलॉजिस्टबद्दल म्हणालात, "पोरगो बरो आसा, पण बोलणा नाय." मशीन चालू असताना आम्हाला बाहेर थांबावं लागतं, पण मी माईकवरून बोलते, पप्पा. सीनियर वैतागतात, रेडिओ जॉकी म्हणतात मला. मी बोलतेच.

पण आज लिहायला बसले ते गणपतीवरून. तुमचं रेडिएशन चालू असताना गणपती आले होते. गावच्या घरात गाऱ्हाणं तुम्हीच घालायचात. सगळे हात जोडून उभे, तुम्ही देवाला खणखणीत आवाजात सगळ्यांसाठी मागणं मागायचात आणि दर वाक्याला घरभर "होय म्हाराजा". तुम्हाला पाच दिवस जायचं होतं. डॉक्टरांशी इंग्लिशमध्ये बोलायला घरात मीच, म्हणून मला पुढे केलेलं. ते म्हणाले, नो गॅप. मी वळून तुम्हाला सांगितलं, "पप्पा, गॅप नाही घ्यायचा, नाहीतर उरलेल्या पेशी परत वाढतात." तुम्ही डॉक्टरांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणालात, "बरा." एवढंच. इतक्या लवकर तुम्ही कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

चतुर्थीच्या दिवशी आपण किचनमध्ये आहोत. मम्मी तुमच्यासाठी भात मिक्सरमधून काढतेय, कारण तोंड आतून सोललेलं आणि चव तर गेलेलीच, सगळं मातीसारखं लागतं. ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवलाय, पलीकडे काका, अख्खं घर, झांजांचा आवाज. तुमचा आवाज येतच नाही, नुसती हवा. तुम्ही माझ्या कानात बोलता आणि मी मोठ्याने म्हणते. "बा देवा म्हाराजा!" मम्मी हसतेय, कारण माझी मालवणी म्हणजे कॉन्व्हेंटची मालवणी. तुम्ही मला कोपराने ढोसता, "जोरात बोल गो, वाडी आयकता." मग मी ओरडतेच. ह्या घरच्या लेकरांका सुखी ठेव, चुकला-माकला पदरात घे. नेटवर्क खराब, त्यामुळे त्यांचं "होय म्हाराजा" जरा उशिरा यायचं, आणि त्या मधल्या वेळात तुम्ही डोळे मिटून थांबायचात. शेवटी तुम्ही एक वाक्य स्वतःचं घातलंत, पुढल्या वर्षाक माका थयसर, तुझ्यासमोर, उभो कर. ते पण मी ओरडून सांगितलं. तिकडून होय म्हाराजा आलं.

पुढच्या गणपतीच्या आधीच तुम्ही गेलात. एकही दिवस चुकवला नव्हता तरी. छातीत पसरलं होतं, त्याला तो मास्क काय करणार. आज मला त्यातलं सगळं माहितीय. डॉक्टर बरोबर होते, मी सांगितलं तेही बरोबर होतं, गॅप घेतला असता तर अजून वाट लागली असती. तरी तुमचं ते "बरा" कानातून जात नाही.

सध्या माझ्याकडे मुलुंडचे एक काका येतात, रिटायर्ड बस कंडक्टर, स्वरयंत्राचा कॅन्सर, लवकर सापडलाय, बरे होण्यासारखे आहेत. मालवणकडचेच. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आमच्यातली मां गो तू?" आणि यांच्या घरी गाऱ्हाणं कोण घालतं? हेच. त्यांना पाच दिवस गावाला जायचंय. डॉक्टरांनी सांगितलं, चतुर्थीच्या सुट्टीचा एक दिवस आपण शनिवारी भरून काढू, पाच दिवसांचा खड्डा नाही भरता येत. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, व्हिडिओ कॉल करू ना, टीव्हीवर लावतो, सगळे दिसतील." काका त्या बसलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "देव काय दुबईक नोकरीक गेलो हा?" वेटिंगमधले सगळे हसले. पण शुक्रवारी ते आत आले ते चपला न काढताच. "बाय, ठरला. मी जातंय. आज रात्रीची गाडी आसा."

मला माहितीय, असे गेलेले सगळे परत येत नाहीत. मी त्यांच्या बाजूला बसले आणि आपलं किचन सांगितलं. फोन, मिक्सर, माझी मालवणी, उशिरा येणारं होय म्हाराजा. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि देवान आयकल्यान?" मी म्हटलं, वाडीने तरी ऐकलं. ते हसले, चपला काढल्या, टेबलावर आडवे झाले. मी मास्क हातात घेतलाय, आणि ते खालून विचारतात, "मगे तुझो बापूस बरो झालो मां?"

मी म्हटलं, "काका, हनुवटी वर, आता बोलायचं नाही." आणि मास्कच्या क्लिपा लावल्या.

ते गेले नाहीत, रोज येतात. मुलाला गाऱ्हाणं शिकवतायत, फोनवर तो ओरडणार, हे कानात सांगणार. पण पप्पा, त्यांनी वेटिंगमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय की हिचे वडील असंच, एक दिवस न चुकवता, बरे झाले. काल एका बाईने मला थांबवून विचारलं, तुमच्या वडिलांना चव परत कधी आली हो? मी म्हटलं, हळूहळू येते. तसं ते खोटं नाही, येतेच. ती लगेच डब्यातली पेज प्यायला लागली.

खरं सांगू? मला ते आवडतंय. त्या बेसमेंटमध्ये तुम्ही जिवंत आहात, जेवताय, बांगड्याचा भाव विचारताय. म्हणूनच मी कोणाला काही बोलले नाही. पण त्या काकांनी मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्यांची गाडी माझ्यामुळे चुकली. आता सांगितलं तर उद्या ते येतील का, माहीत नाही. ट्रीटमेंट संपेपर्यंत गप्प राहू, की खरं काय ते सांगून टाकू? तुम्ही काय म्हणता, पप्पा?