डोळ्याच्या खुणेवरचे फोटो

आदरणीय राजकुमार अण्णांस,

वडगावहून बसवंतचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? चिकुनगुनिया उतरला तरी सांधे महिनाभर छळतात म्हणे, तेव्हा जिना चढू नका आणि वहिनींचं ऐका. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं; माझी तीन दिवस झोप उडालीय). आरोहीच्या साखरपुड्याला तिचा सख्खा मामा नव्हता, ही खंत तुमच्या बहिणीला अजून आहे. पण तुम्ही नाही तरी तुमचा कॅमेरा आला, आणि त्यानं काय केलं ते सांगायलाच हे पत्र.

फोटोग्राफर कशाला, घरचा कॅमेरा आहे की, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. नेमकी अंगठी घालायच्या आधी हॉलमधली लाईट गेली. तुम्ही दाखवलेलं फ्लॅशचं बटण दाबलं, तर एकेक खूण येत गेली. आधी वीज, मग विजेशेजारी इंग्रजी ए, मग वीज आणि तिच्यावर काट. आता अण्णा, माझं सगळं आयुष्य पॉवरलूमपुढं गेलं. मागाच्या स्विचबोर्डावर विजेची खूण असते ती हात लावू नये म्हणून. त्यामुळं वीज दिसली की मी पुढं जायचो (काट मारलेल्या विजेचा तर जास्तच धसका, म्हणजे इथं आधी कुणाला तरी शॉक बसलाय). शेवटी डोळ्याची खूण आली आणि जीव भांड्यात पडला. सगळ्यांचे डोळे नीट यावेत, आणखी काय हवं? खुणा बघून झाल्यावर जवळचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि मोजून साठ फोटो काढले.

जाताना आपल्या विहीणबाई, विक्रमच्या आई राजाबाई, म्हणाल्या की फोटो रविवारपर्यंत सदलग्याला पोचते करा, घरच्या म्हाताऱ्यांना सून दाखवायचीय. दुसऱ्या दिवशी सौरवच्या स्टुडिओत गेलो. फोटो बघून त्यानं आधी मला खुर्ची दिली. साठांपैकी एकातही कुणी कॅमेऱ्याकडं बघत नाही. राजाबाई दातात अडकलेलं काढतायत, भटजी जांभई देतायत, तुमची बहीण वाढप्यांवर डोळे वटारतेय, आणि जावईबापू अंगठी फिरवून फिरवून बघतायत (घट्ट झाली की काय, ही काळजी वेगळीच). सौरवनं समजावलं की या खुणेवर फ्लॅश आधी नुसता लुकलुकतो, बुबुळं लाल येऊ नयेत म्हणून, आणि खरा फोटो त्यानंतर निघतो. म्हणजे पहिल्या उजेडाला सगळी हसली, फोटो झाला म्हणून सैलावली, आणि मी सैलावलेलीच टिपली.

फोटो पाठवावेत तर सोयरीक मोडते, न पाठवावेत तर काहीतरी लपवतोय म्हणतात. मी सौरवला विचारलं, ‘हसू मागनं लावता येतंय काय रं?’

तो म्हणाला, ‘काका, डाग काढतो, रंग उजळतो. हसू लई अवघड.’

तुम्ही त्यातले जाणकार. कॅमेरा कार्डासकट पाठवतोय, काही होण्यासारखं असेल तर बघा. वहिनींना नमस्कार.

आपला,
बसवंत

ता. क. चार्जर पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे. पत्र अशासाठी की माझा फोन आरोहीच उघडते आणि मेसेजही तीच वाचून दाखवते.

आणखी एक. कार्डाचं निमित्त आहे, अण्णा. एकेचाळीस नंबरचा फोटो बघा. अंगठी घातल्यानंतरचा, आरोही एकटीच आहे. मी समोर उभा होतो, ती छान हसत होती. फोटोत नाही. रडत नाही, रागावलेलीही नाही, पण पोरीचं असं तोंड मी घरात कधी बघितलेलं नाही. मला भीती वाटते. मी विचारलं तर ती म्हणेल, ‘व्हय आप्पा, बरं हाय.’ आजवर दुसरं काही ती मला म्हणालेली नाही. तेव्हा गुडघ्यांचं कारण काढून तिच्या आईला फोन करा, पोरीला दोन दिवस निपाणीला बोलवा आणि मामा म्हणून तुम्ही विचारा. नको म्हणाली तर सदलग्याला जाऊन सांगायचं काम माझं, त्यांच्या पाया पडायचं तेही माझं. पण हसून ‘व्हय’ म्हणाली, तर लगेच उठू नका. ते हसू उतरेपर्यंत तिच्यासमोर बसून राहा, आणि मग काय दिसलं ते मला लिहा.