मंजुरीआधी मन जाणून घेणे

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. गोदामात नवीन एआय सॉफ्टवेअर बसलं. कोणाची कुठली पाळी, कोणाला रजा, कुठल्या औषधाची पेटी कुठल्या रॅकवर, सगळं तेच ठरवणार. दुपारपर्यंत लोकांनी त्याचं नाव ‘शहाणा’ ठेवलंसुद्धा. मोठ्या मॅडमनी आम्हा मॅनेजर लोकांना सांगितलं की डोकं यंत्र चालवेल, माणसं तुम्ही सांभाळायची. माणसाच्या अडचणीचा अर्ज माणसानेच मंजूर करायचा. माझ्याकडे पाहूनच बोलल्या असाव्यात. माझ्यात माणुसकी पहिल्यापासून आहे. वापरायला वेळ नव्हता, एवढंच.
संकल्प: रोज एका माणसाचं मनापासून ऐकायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार
ऐकायला कोणी आलं नाही. केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. वारा येतो म्हणून अकराला लावलं.

५ सप्टेंबर, गुरुवार
पहिला अर्ज! टेपवाल्या ताई. नऊ वर्षं पॅकिंगच्या टेबलावर आहेत. टेपचा रोल त्यांच्या हातात असला की पेटी चुटकीसरशी बंद. नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालंय, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी. म्हणून दुपारची पाळी बदलून सकाळची हवी. शहाण्याने अदलाबदलीला माणूसही शोधून ठेवलाय. पलीकडच्या टेबलावरचा चष्मेवाला एका पायावर तयार आहे. मी फक्त ‘मंजूर’ दाबायचं.
दाबणारच होतो. मग वाटलं, नुसतं बटण दाबलं तर माझ्यात आणि शहाण्यात फरक तो काय? ताईंना समोर बसवून, मन जाणून घेऊन, मग मंजुरी द्यायची. अर्ज राखून ठेवला.

७ सप्टेंबर, शनिवार. सुट्टी.
बायकोवर सराव केला. ती तिच्या बहिणीचं काहीतरी सांगत होती. मी डोळ्यांत पाहत मान हलवत राहिलो. मान आखडली का, मलम लावू का, म्हणाली. म्हटलं, मी ऐकतोय. कधीपासून, म्हणाली, आणि उठून टीव्ही लावला.
सराव एकंदरीत चांगला झाला.

९ सप्टेंबर, सोमवार
ताईंना आज बोलावणार होतो, पण कार्यशाळा निघाली. वक्ते म्हणाले, नेत्याने आधी आपली दुबळी बाजू उघडी करावी, मग समोरचा मोकळा होतो. दिवसभर दुबळी बाजू शोधली. गुडघा.

१२ सप्टेंबर, गुरुवार, दु. ४
ताईंना बोलावलं. दोन कप चहा. वीस मिनिटं राखून ठेवली होती. काय विचारायचं ते शहाण्याकडून लिहून घेतलं होतं. सुरुवात गुडघ्यापासून केली. गुडघ्यावरून ऑपरेशन निघालं, ऑपरेशनवरून साडू निघाला. ताई सारख्या घड्याळाकडे पाहत होत्या, वेळ कसा गेला कळलं नसावं. नवऱ्याबद्दल विचारणार तोच टेबलावरून त्यांना हाक आली. दारात थांबून म्हणाल्या, साहेब, तेवढं माझं... मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना.
चहा तसाच राहिला. बटणही राहिलं. पण ऐकणं अर्धवट असताना मंजुरी देणं प्रामाणिकपणाचं नाही. दुसरी भेट ठरवायची.

१६ सप्टेंबर, सोमवार
शहाण्याचा निरोप: अर्ज अकरा दिवस प्रलंबित, मंजुरीची शिफारस. उत्तर दिलं, मानवी प्रक्रिया चालू आहे. त्याने धन्यवाद म्हटलं. यंत्राला घाई असते, माणसाला धीर असतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार
चष्मेवाला न विचारता आत आला. साहेब, ताईंचं लवकर करा, नवरा एकटाच बसने जातो, येताना त्याला उभं राहवत नाही, म्हणाला. त्याला समजावलं की माणसांचे निर्णय घाईने होत नाहीत. तो म्हणाला, त्या मागतायत, मी देतोय, मग अडलंय कुठे? म्हटलं, बस, तुझंही ऐकतो. माझं टेबल रिकामं पडलंय म्हणाला आणि गेला.
माणसांना ऐकून घेण्याची सवय राहिलेली नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार
ताईंचा नवरा डायलिसिसहून येताना बसच्या पायरीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. मी वरच्या मजल्यावर कार्यशाळेच्या दुसऱ्या भागात होतो. विषय ‘ऐकण्याची कला’. तिथे फोन बंद ठेवायचे असतात. खाली आलो तेव्हा ताई रोल टेबलावर ठेवून निघून गेल्या होत्या. अर्धी चिकटवलेली पेटी तशीच.
केबिनमध्ये बसलो. काहीतरी वाटायला हवं होतं. वाट पाहिली. मग पाणी प्यालो.

२१ सप्टेंबर, शनिवार
ताईंना निरोप पाठवला. शहाण्याने तीन मसुदे दिले होते. पहिला फार ओला, दुसरा फार कोरडा. तिसरा पाठवला. त्यांनी वाचल्याचं दिसतंय. उत्तर नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
ताईंचा राजीनामा. एका ओळीचा. कारणाच्या जागी आडवी रेघ. वाईट याचं वाटलं, की आधी येऊन बोलल्या नाहीत.
लगेच त्यांचा अर्ज उघडला आणि ‘मंजूर’ दाबलं. पडद्यावर आलं: सदर कर्मचारी सेवेत नाहीत. पुन्हा दाबलं. तेच.

३० सप्टेंबर, सोमवार
मोठ्या मॅडमनी बोलावलं. खुर्ची स्वतः पुढे केली, पाणी दिलं. शनिवारी ताईंना भेटून आले, म्हणाल्या. मॅडम हॉस्पिटलमध्ये ताईंच्या नवऱ्याशेजारी दोन तास बसल्या होत्या. राजीनामा परत घ्यायला ताई तयार आहेत, पण इथे नाही. नवरा घरी आला की आपल्याच दुसऱ्या गोदामात, सकाळच्या पाळीला.
मग मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी बोललो. बराच वेळ. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. फोन वाजला तर उलटा ठेवला. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी मी बटण दाबणार होतो. त्या म्हणाल्या, हो, तुम्ही अर्ज उघडल्याची वेळ दिसते. मॅडमइतकं कोणी माझं ऐकलंय असं आठवत नाही.
मग म्हणाल्या, उद्यापासून माणसांचे अर्ज चष्मेवाला बघेल. तुम्ही मागच्या शेडमध्ये मुदत संपलेल्या औषधांच्या पेट्या बघायच्या. तिथे तुमच्या हाताखाली कोणी नसेल. जड जाईल तुम्हाला, माहीत आहे मला. मी त्यांचे मनापासून आभार मानले. अर्धा जिना उतरल्यावर त्या काय म्हणाल्या ते कळलं.
दुपारी शेड पाहून आलो. पेट्या छतापर्यंत. एक खुर्ची आहे. बसून पाहिलं. ठीक आहे.