चटई, खिडकी आणि सावीची खोली

रविवार, संध्याकाळ

सावी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली, नोकरीवर. जाताना बजावून गेली, "आई, ही जुन्या जपानी डायरेक्टरची फिल्म बघच."

दुपारी आम्ही दोघं बसलो. त्यात मुलगा घर सोडून शहरात जातो आणि कॅमेरा त्याच्या खोलीतच बसून राहतो. चटई, खिडकी, बस्स. हे म्हणाले, "फिल्म अडकली वाटतं," आणि रिमोट उचलला. मी त्यांचा हात धरला. का धरला? मलाही अडकलीच वाटत होती. चटई आणि खिडकीत बघायचं तरी काय? पोरीला यात काय दिसतं, कळेना.

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत आम्ही झाडू मारत नाही. म्हणून तिची खोली सकाळपासून तशीच होती. आत्ता फोन आला, पोहोचली. मी झाडू घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले. गादी, खिडकी. किती वेळ, कोण जाणे.

मागून हे आले. वाटलं, आता चिडवतील, तू पण अडकली का? पण तेही उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "राहू दे. उद्या मार."

पोहोचली ना ती? मग झाडू का नाही चालला माझा?