दोन्ही बाजू सुलट

प्रिय धाकट्या,

कोपऱ्यावरच्या चहावाल्या आबांना काल पोलिसांनी खोटी नाणी चालवल्याबद्दल धरलं. ती नाणी तू पाडलीस. मेव्हण्याकडे जाऊन बसल्यापासून फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. मेव्हण्यासमोर फोडू नकोस.

आज सकाळी मी ठाण्यात गेले ती आबांसाठी शब्द टाकायला. दारातच त्यांच्या मुलीने मला अडवलं. ताई, तुमच्याच कारखान्याने चहाच्या बिलापोटी दिलेली नाणी भरायला बाबा बँकेत गेले होते, आता तुम्हीच सांगा साहेबांना, असं चारचौघांत म्हणाली. मला राग आला. आमच्याकडून खोटं नाणं जाईल का, असं मी तिला ठणकावूनही सांगितलं. आत आबा बाकावर बसले होते, पायात चपला नव्हत्या. मला बघून ओशाळले, जणू चूक त्यांचीच.

अंमलदार वयाने तुझ्याएवढा, बोलायला बरा. त्याने एक नाणं टेबलावर ठेवून कडेने उलटलं, पुस्तकाचं पान उलटतात तसं. म्हणाला, बाई, सरकारी नाणं असं उलटलं की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते, आणि हे बघा, सरळच्या सरळ. बाकी काम झकास आहे, पण एवढी साधी गोष्ट न कळणारा हा शहाणा कोण असेल, देव जाणे.

मला ठाऊक होतं कोण. पदक गळ्यात फिरतं, फिरलं तरी अक्षरं सुलटच दिसली पाहिजेत, म्हणून आपल्या पदकांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंचे ठसे, दोन्ही डाय, एकाच दिशेने बसवतात. नवीन आलेल्या प्रत्येक कारागिराला तू याच्यावरून फैलावर घेतोस. इतकी वर्षं पदकं ठोकलेला तुझा हात, नाण्यालाही तसाच गेला. मी त्याला कायदा काय म्हणतो एवढंच विचारलं. त्याने सांगितलं: खोटं नाणं पाडणं गुन्हा, माहीत असून चालवणं गुन्हा, आणि एकही नाणं पाडलं नसलं तरी त्यासाठी डाय बनवून घरात ठेवणं हासुद्धा गुन्हा. म्हातारा म्हणतो मला माहीत नव्हतं, पण असं सगळेच म्हणतात, बाई.

घरी येऊन मी कारखान्यातल्या मोठ्या प्रेसखालचं कपाट उघडलं. कुलूप तोडावं लागलं. तेल लावून फडक्यात गुंडाळलेल्या डाय, कोऱ्या चकत्या, तयार नाण्यांची पिशवी, सगळं तिथेच होतं. तुझी बायको मागे येऊन उभी राहिली. तिला खरंच काही माहीत नव्हतं, तिचा चेहराच सांगत होता. मग ती माझा हात धरून रडायला लागली. वन्सं, घरातलं घरात राहू द्या, मी नाल्यात टाकून येते, कोणाला पत्ता लागणार नाही. मी म्हटलं, टाक. आबा आत राहतील आणि आपण त्यांच्या मुलीकडे रोज चहा मागवू. तिने माझा हात सोडला. अजून माझ्याशी बोललेली नाही.

का केलंस ते विचारत नाही. शाळा-क्लब आता तयार प्लास्टिकची पदकं घेतात, ऑर्डरी आटल्यात, हे मलाही दिसत होतं. पण पिशवी हातात घेतल्यावर मला एवढंच सुचत होतं की आता मलाही माहीत आहे. घरात ठेवली तर गुन्हेगार मीही. तेवढ्यासाठी परत ठाण्यात गेले असं समज हवं तर. खरं म्हणजे मला आबांचे अनवाणी पाय दिसत होते.

दुपारी सगळं देऊन आले. डाय कोणाच्या, विचारलं. तुझं नाव सांगितलं. कुठे आहे, विचारलं. मेव्हण्याचा पत्ता दिला. मी खोटं बोलणार नव्हते, तू मला ओळखतोस. अंमलदाराने लिहून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, आमची गाडी उद्या दुपारनंतरच मोकळी होईल, त्याआधी कोणी आपल्या पायांनी आलं तर मी तसंच लिहीन. हे पत्र त्यासाठी आहे. पहाटेच्या बसने ये. मी स्टँडवर उभी असेन, ठाण्यात तुझ्याबरोबर येईन, वकीलही बघून ठेवला आहे. तू येऊन कबूल करेपर्यंत आबांना सोडणार नाहीत. हे वाचून तू उलट्या दिशेची बसही पकडू शकतोस, हे मला कळतं. कळूनही पाठवते आहे.

तुझीच,
ताई

ठाण्यातून मिळालेल्या पावतीची नक्कल:
पोलादी डाय, दोन. कडेवर रेघा पाडायची कडी, एक. कोऱ्या चकत्यांचा डबा, एक. तयार नाणी, एक पिशवी, मोजून सीलबंद. आणून देणार: संशयिताची सख्खी थोरली बहीण, स्वखुशीने.
(‘स्वखुशीने’ मी खोडायला लावलं. आता तिथे ‘स्वतःहून’ आहे.)