मानाच्या दोन इनिंग

सर, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही गेलात त्याला आता वीसेक वर्षं होत आली आणि इतकी वर्षं मी गप्प बसले, ती काही आदरापोटी नाही. तुमचं नाव तोंडात घ्यायचीच माझी इच्छा नव्हती. तुम्ही गेल्याचं जुन्या टीममधल्या एकीनं मला चंद्रपूरच्या बस स्टँडवर सांगितलं. मी "हो का" म्हटलं आणि एटापल्लीची गाडी लागली म्हणून चढले. खिडकीची जागा मिळाली, याचंच मला त्या दिवशी बरं वाटलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं तुम्ही उगीच आशा लावून बसायला नको.

मी कोण, ते आठवत नसेल तर सांगते. ऊर्जानगरच्या कॉलनीतल्या शाळेत तुम्ही खेळाचे सर होतात आणि संध्याकाळी नदीपलीकडच्या आमच्या गावातल्या चार पोरीही तुमच्या मैदानावर बेसबॉल शिकायला यायच्या. त्यांतली मी ढिवराची पोरगी. माझा बाप डोंग्यात उभा राहून जाळं फेकायचा, आई मासोळ्या विकायची. तुमच्या मैदानावर वीजकेंद्राची राख उडत यायची आणि घरी जाईपर्यंत आमच्या भुवया म्हाताऱ्या व्हायच्या. पण तुम्ही तर जपानात राहत होतात! कॉलनीतला एक इंजिनिअर टर्बाइनचं शिक्षण घ्यायला तिकडं जाऊन आला आणि येताना टीव्हीवरून भरलेली एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. तिकडच्या दोन लीगमधले निवडक खेळाडू वर्षातून एकदा आपापसांत खेळतात, तो ऑल-स्टारचा सामना. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून त्यानं ती तुम्हाला देऊन टाकली. माकडाच्या हाती कोलीत दिलं त्या भल्या माणसानं.

दर रविवारी सकाळी तीच कॅसेट लावून क्लबातल्या टीव्हीसमोर तुम्ही आम्हाला सतरंजीवर बसवायचात. जपानी आम्हाला कळत नव्हतं, तुम्हालाही कळत नव्हतं, पण तुम्ही कानाला हात लावून नीट ऐकल्यासारखं करायचात आणि मग आम्हाला नियम सांगायचात. मैदानात उतरताना टोपी काढून वाका. आउट झालं तरी पळत या. त्या कॅसेटीत एक पिचर होता, ज्याचा हात अगदी जमिनीला घासून जायचा आणि बॉल खालून वर यायचा. एकदा तो आला तसे तुम्ही उठून टीव्हीवर हात ठेवलात. "पाह्य वं पोरी, तुहा बाप जाळं फेकते तसाच फेकून राह्यला का नाई हा? तुले काऊन जमत नाई मंग?" मला जमलं. एका महिन्यात जमलं, कारण ते माझ्या अंगातच होतं, तुम्ही फक्त बोट दाखवलंत. नंतर मात्र सगळ्यांना सांगत सुटलात, हिला मीच तयार केली म्हणून.

आणि त्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, सगळ्या पोरींसमोर, हातातला नवा बॉल मागं घेत, "आधी हात धुऊन ये नळावर. बॉलले मासोळीचा वास लागते." मी धुऊन आले. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बोलायची वाट न बघता आधीच धुऊन यायचे. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मी परत येईपर्यंत पोरी माझ्याकडे बघत उभ्या असायच्या.

मग निवडीचा दिवस आला. नागपूरहून निवड करणारे तिघे येणार होते. जिल्ह्यातल्या शाळांमधल्या पोरी दोन टोळ्यांत वाटल्या, एक टोळी तुमच्या हाताखाली. जी राज्याच्या संघात जाईल तिला वाढीव गुण मिळायचे, पुढं नोकरीत खेळाडूची जागा. माझ्यासाठी दुसरा रस्ताच नव्हता. दहावीनंतर घरचे शिकवणार नव्हते आणि पोंभुर्ण्याकडचं एक स्थळ येऊन बसलेलंच होतं. तुम्हाला हे माहीत होतं, मीच सांगितलं होतं. तुम्ही त्या सामन्याला 'आपलं ऑल-स्टार' म्हणत होतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कॉलनीच्या पोरी ट्रॅकसूटमध्ये, आणि मी आमच्या शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये. तुमच्या पिशवीत एक जादा ट्रॅकसूट घडी घालून ठेवलेला मला दिसत होता. मी मागितला. तुम्ही म्हणालात, "नाई. ज्याचा त्याचा डगला ज्याच्या त्याच्या अंगावर. तोच नियम हाय." मी त्या स्कर्टला दोन ठिकाणी पिना मारल्या आणि गेले.

मी फेकते आहे. सातांपैकी पहिल्या इनिंगमध्ये तिघी आउट, इनिंग खलास; दुसरीतही तिघी. एकीचीही बॅट बॉलला लागलेली नाही. नागपूरच्या तिघांपैकी एक खुर्ची पुढं ओढून बसतो. मला वाटतं, झालं, सुटले मी. आणि तुम्ही चालत मैदानात येता, माझ्या हातातून बॉल घेता, तो त्या कॅसेटवाल्या इंजिनिअरच्या पोरीला देता. मी म्हणते, "काऊन सर? मी चुकली काय?" तुम्ही म्हणता, "नाई वं. दोन झाल्या ना तुह्या. आता बस." मग कडेला जाऊन टोपी काढता, माझ्याकडे तोंड करून वाकता आणि एकटेच टाळ्या वाजवता. पोरी हसतात. उरलेल्या पाच इनिंग ती फेकते, बरी फेकते. संध्याकाळी यादीत तिचं नाव असतं. निवड करणाऱ्यांनी पाच इनिंग बघितलेली पोरगी घेतली. त्यांचं काय चुकलं?

त्या वाकण्याचा मी किती तिरस्कार केला, सर. हाकलायचं आणि वर नक्कल करायची. मी पुन्हा त्या मैदानावर गेले नाही. स्थळ मोडलं, ते माझ्या नशिबानं. मग दोन वर्षं धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेले, नंतर नर्सचं शिकले आणि कुठल्याही खेळाडूच्या जागेशिवाय इथं एटापल्लीच्या जंगलातल्या उपकेंद्रात लागले. प्रत्येक बाळंतपण नीट झालं की मी मनात तुम्हाला म्हणायचे, बघा.

यंदाच्या जुलैत सलग चार दिवस पाऊस होता, नाल्यावरून पाणी चाललेलं, पेशंट नाहीत. दुपारी मोबाईलवर चाळता चाळता जपानातला ऑल-स्टार सुरू असलेला दिसला. तिकडं तेव्हा संध्याकाळ. बंद करणार होते, पण आमची मदतनीस बाई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "बाई, एकाच टोळीत एवढ्या रंगाचे कपडे काऊन घातले यायनं?" मी बघितलं. खरंच, ज्याच्या त्याच्या अंगावर आपापल्या क्लबचा पोशाख. कॅसेट बघताना मी बॉलशिवाय काही बघितलंच नव्हतं. थोड्या वेळानं पिचर बदलला. बाई चिडली, "आता याले काऊन हाकललं? चांगला तं फेकून राह्यला होता!" मी आवाज वाढवला. सामन्याचं इंग्रजीत वर्णन करणारा सांगत होता की इथं असंच असतं, सगळ्यांत चांगल्याला सुरुवातीला उभं करतात, दोन इनिंग झाल्या की सन्मानानं बाहेर आणतात आणि पुढच्याला संधी देतात. तो पिचर टोपी काढून निघाला आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं.

मी मोबाईल पालथा ठेवला. मानाच्या दोन मला दिल्यात आणि उरलेल्या पाच तिला. तुम्ही मला हाकललं नव्हतं. तुम्ही, मूर्ख माणसा, माझा सत्कार केला होता! जत्रेतला सामना आणि निवडीचा सामना यांतला फरक तुम्हाला कळला नाही, कारण तुम्ही आयुष्यात एकच कॅसेट बघितली होतीत. आणि आता मी काय करू? पक्षपात केला असतात तर बरं झालं असतं. लबाड माणसाचा राग करता येतो, तो कामाला येतो, मी त्याच्यावर शिकले, उभी राहिले. येड्या माणसाच्या भक्तीपायी माझं वाटोळं झालं, हे घेऊन मी कुठं जाऊ? शिवाय हात धुवायला लावणं त्या कॅसेटीत नव्हतं, सर. ते तुमचं तुम्हीच आणलं होतंत, आणि त्याची माफी मी देत नाही. त्या पिचरला बाहेर का नेतात, हे अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं. तुमच्या मैदानावर ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं, मला नाही तर त्या नागपूरच्या तिघांना. की हीच माझी सगळ्यांत चांगली आहे, म्हणूनच पहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते आणि थांबते. निवडीनंतर आठ दिवसांनी तुम्ही सायकलनं आमच्या घरी आला होतात. आईनं तुम्हाला सांगितलं, "नाई जी सर, ते मूल गावाले गेली मावशीकडं." तुम्ही म्हणालात, "तिच्याशी बोलाचं होतं जी थोडंसं. बसतो मी." आणि तुम्ही अंगणातल्या बाजेवर बसून राहिलात, आईनं दिलेलं पाणी प्यायलात, ऊन उतरेपर्यंत थांबलात आणि गेलात. आईला तसं सांगायला मीच लावलं होतं. मी आत चुलीजवळ होते, मला सगळं ऐकू येत होतं.