त्याने आवाज खाली केला होता

आई,

उद्या सकाळी मला एका खुन्याला माणूस करायचं आहे, आणि ते मला जमेल या भीतीने आज जेवण गेलं नाही. माझा हा धंदा तू बघितलाच नाहीस. दक्षिणेकडची एखादी मालिका मराठीत आणायची असली की पडद्यावर तिथला नट ओठ हलवतो आणि बोलतो मी. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांत माइक धरून बडबडायचो तेव्हा तू म्हणायचीस, "हा तोंडावरच पोट भरणार." तसंच झालं. घर, गाडी, सगळं तोंडावर. गेली काही वर्षं मी एका टोळीवाल्याचा आवाज आहे. लोकांच्या जमिनी बळकावणारा, माणसं गायब करणारा, थंड डोक्याचा. परवा नालासोपाऱ्यात रिक्षावाल्याने माझं बोलणं ऐकून मागे वळून बघितलं, "तुम्हीच ना ते?" म्हणाला, आणि पुढे स्टेशनपर्यंत एकदम जपून चालवली. तो आवाज मी कुठून उचलला ते कुणाला माहीत नाही. तू मात्र पहिल्या वाक्याला हातातलं काम टाकलं असतंस.

आता शेवटच्या भागात हा माणूस बदलतो. आमची दिग्दर्शिका माझ्या लेकीच्या वयाची आहे. मी विचारलं, "बदलतो म्हणजे?" "म्हणजे सर, ज्याला मारलं त्याच्या आईसमोर जाऊन बसतो. त्याला आतून काहीतरी होतं." "इतक्या जणांना मारताना काही झालं नाही, आणि मालिका संपायला आली तशी झालं?" ती हसली. म्हणाली, "सर, लोकांना शेवटी रडायचं असतं. तुम्ही फक्त रडवा." मीही हसलो. पण घरी येताना रोजचं वळण चुकलो.

कारण मला ती सकाळ ऐकू यायला लागली. तू ओटीवर बसून मेथीच्या जुड्या बांधते आहेस, बाबा आतल्या खोलीत तापाने पडलेत, मी तुझ्याजवळ. आपल्या वाडीवर डोळा ठेवून असलेला तो गुंड फाटकातूनच ओरडत येतो, मागे त्याची दोन माणसं. "मावशी, किती वेळा सांगायचं?" इतक्यात आत बाबा खोकतात. तो खोकला लांबतो, संपतच नाही. आणि त्या माणसाचा आवाज खाली येतो. कुणी सांगितलेलं नाही, तू तर मानही वर केली नव्हतीस. चपला काढून तो ओटीच्या कडेला टेकतो, हळूच विचारतो, "रात्री झोपले का ते? डॉक्टर कोण बघतो?" तू सांगतेस. तो मान हलवतो. आणि त्याच मऊ आवाजात, जराही न बदलता, म्हणतो, "बावखलाकडची वाडी उद्या मोकळी करा. माझी पोरं येतील, त्यांना आजारी माणूस वगैरे कळत नाही."

बावखल गेलं. वाडीतल्या ज्या तळ्यावर आपल्या केळी जगल्या, त्यात त्याने डेब्रिज ओतून ते बुजवलं. त्याच संध्याकाळी माळेची प्रार्थना संपताना तू त्याच्यासाठी एक 'आमच्या बापा' जास्तीची घातलीस. तिचा मागून म्हणायचा अर्धा भाग मी म्हटलाच नाही. "त्याच्या घरी कोण म्हणतं त्याच्यासाठी?" तू म्हणालीस. मी म्हटलं, "आपलं पाणी गेलंय ना त्याच्या घशात, मग त्यालाच म्हणू दे." टपली बसली. मग तू दिवा सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "त्या दिवशी त्याने आवाज खाली केला, ऐकलंस ना? तेवढ्यापुरतंच म्हणते मी." मला वाटत होतं ते फक्त मलाच ऐकू आलं होतं.

आई, तो बदलला नाही. तू रोज म्हणत राहिलीस आणि तो वाढत राहिला. नाक्यावर त्याच्या वाढदिवसाचे बॅनर लागले, आणि शेवटी तो आपल्या पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात गेला. त्याला त्या सकाळी बाबांची दया आली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण दया आली आणि तरी त्याने वाडी घेतली. मग ती दया नसती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून समजत नाही.

आज दुपारी स्वयंपाकघरात मी उद्याचं वाक्य म्हणून बघत होतो. रडून म्हटलं, खोटं वाटलं. थंडपणे म्हटलं, तेही खोटं. मग तोच खाली आलेला आवाज लावला. लेक भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. "बाबा, परत म्हणा ना." परत म्हटलं. तिने मनगटाने डोळे पुसले. "बिचारा," म्हणाली. आपल्या घरात, त्याला! उद्या मी हे असंच बोललो तर घराघरांत लोक हेच म्हणतील, आणि ज्यांची बावखलं बुजली तेही म्हणतील. मुद्दाम वाईट बोललो, तर मी जे खरं ऐकलं ते लपवलं असं होईल. तू असतीस तर काय म्हणाली असतीस याचा अंदाज आहे, म्हणून तर विचारायची भीती वाटते.

हे तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही, आणि असती तरी आज मी पाठवलं नसतं. दिग्दर्शिकेला मी मघाशी निरोप पाठवलाय, घसा बसलाय, उद्या जमणार नाही. लेकीने काळजीने हळदीचं दूध करून दिलं. घशाला काहीही झालेलं नाही, आई. ते दूध मी तिच्यासमोर घोट घोट घेत संपवलं, आणि एक शब्द बोललो नाही.